वाट विचारणारा कवी : नारायण वामन टिळक



आपल्या धर्मग्रामात असे एकही घर नसेल जिथे या वर्षी एखादा मोठा निर्णय झाला नाही. मुलीला आलेले स्थळ, मुलाला पुण्याला नोकरीसाठी पाठवायचे की नाही, वाटणीला आलेले शेत विकायचे की ठेवायचे, आजारी वडिलांचे ऑपरेशन करायचे की देवावर हवाला ठेवायचा. अशा वेळी आपण प्रार्थना करतो, नाही असे नाही. पण पुष्कळदा मनात निर्णय आधीच झालेला असतो आणि साहेबापुढे सहीसाठी कागद सरकवावा तसा तो आपण देवापुढे सरकवतो. दुसरीही एक गोष्ट घडते. घरातला एकजण मनापासून प्रार्थना करतो, त्याला उत्तर मिळते, आणि ते तो बाकीच्यांना ऐकवतो. बाकीच्यांना काय उत्तर मिळाले, किंवा त्यांना विचारायला वेळ तरी मिळाला का, हे कोणी पाहत नाही.

हे दोन्ही प्रश्न ज्यांच्या आयुष्यात अगदी उघडे दिसतात असे एक थोर ख्रिस्ती पुरुष आयुष्याच्या अखेरीस साताऱ्याला येऊन राहिले होते. त्यांचे नाव नारायण वामन टिळक. टिळक म्हटले की आपल्याकडे लोकमान्यच डोळ्यांपुढे येतात, आणि ते साहजिक आहे. दोघेही एकाच काळातले, दोघेही मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. पण हे टिळक कवी. मराठीत फुलांवर, मुलांवर आणि प्रभू येशूवर इतक्या गोडव्याने लिहिणारा दुसरा कवी सापडणे कठीण. ते प्रॉटेस्टंट पंथाचे होते, तरी त्यांची भजने पंथांची कुंपणे ओलांडून गेली आहेत. ज्याने प्रभूची गाणी आपल्याच अभंगाच्या चालीत गायला शिकवले, त्याला परका म्हणायला जीभ वळत नाही.

नारायणरावांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी करजगाव येथे झाला. वडील तापट स्वभावाचे होते. आई जानकीबाई भाविक आणि मायाळू. मुलाचा सगळा जीव आईवर. ती अकाली गेली आणि घराची ओढच तुटली. मुलगा घर सोडून नाशिकला आला. तिथे त्याने गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ संस्कृत शिकून घेतले आणि थोडेफार इंग्रजीही मिळवले. पुढे नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी त्यांचे लग्न झाले. मुलगी तेव्हा अकरा-बारा वर्षांची. हीच पुढची लक्ष्मीबाई टिळक, ‘स्मृतिचित्रे’ लिहिणारी. टिळकांविषयी आज आपल्याला जे माहीत आहे त्यातले पुष्कळसे या बाईंनी लिहून ठेवले म्हणून माहीत आहे. नवऱ्यावर त्यांचे फार प्रेम, पण त्यांनी त्याचे दोष झाकले नाहीत.

आणि दोष होते. टिळक चटकन रागावत, चटकन विरघळत. घरात दुसऱ्या दिवसाच्या जेवणाची सोय आहे की नाही हे न पाहता दारी आलेल्याला असेल ते देऊन टाकत. नोकरी धरली काय, सोडली काय, आज या गावी, उद्या त्या गावी. बायकोला मात्र प्रत्येक वेळी नव्याने चूल मांडावी लागे, नाहीतर माहेरच्यांच्या किंवा बहिणीच्या आश्रयाला जावे लागे. दोघांची काही मुले लहानपणीच गेली. १८९१ मध्ये दत्तू झाला, तो जगला. असा हा उतावळा माणूस. देवाला विचारून, थांबून पाऊल टाकण्याचा पिंडच नव्हता म्हणा ना! म्हणूनच पुढे त्यांनी जे केले ते मोलाचे वाटते.

नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ते संस्कृत ग्रंथांचे काम करीत होते. मन मात्र अस्वस्थ होते. जातिभेद त्यांना सोसत नव्हता. देव एक आणि सर्व माणसे त्याची लेकरे, असा काही नवा धर्म आपणच काढावा, इथपर्यंत विचार गेले होते. १८९३ मध्ये ते नागपूरहून राजनांदगावला निघाले. आगगाडीच्या डब्यात एक गोरे गृहस्थ भेटले. हे साहेब लोक म्हणजे अरेरावी, अशी टिळकांची समजूत. हा माणूस मात्र नम्रपणे बोलू लागला. काव्यावर बोलणे झाले, मग धर्मावर. उतरताना त्याने टिळकांच्या हाती धर्मपुस्तक दिले, ते वाचण्याचे वचन घेतले आणि दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल असे सांगून निरोप घेतला. एकमेकांचे नाव विचारायचे राहूनच गेले.

टिळकांना ते भाकीत पोरकट वाटले असणार. पण वचन दिले होते, म्हणून त्यांनी पेन्सिल घेऊन, खुणा करीत वाचायला सुरुवात केली. विद्यार्थ्याने वाचावे तसे. वाचता वाचता प्रभूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते आले आणि तिथून त्यांचा पाय निघेना. ज्या प्रश्नांसाठी ते नवा धर्म काढायला निघाले होते त्यांची उत्तरे तिथे होती.

इथे त्यांच्या स्वभावाप्रमाणे दुसऱ्याच दिवशी ते जाऊन ख्रिस्ती झाले असते. झाले नाहीत. जो माणूस खिशातले पैसे मोजायला थांबत नसे, तो या एका गोष्टीसाठी वर्ष-दीड वर्ष थांबला. वाचत राहिला, मुंबईच्या मिशनऱ्यांना पत्रे लिहून शंका विचारीत राहिला, प्रार्थना करीत राहिला. आपण काही नवे काढणार आहोत हा अभिमान सोडून, दुसऱ्याच्या पायाशी शिष्य म्हणून बसायचे होते. विद्वानाला हे सोपे नसते. शिवाय किंमत ठाऊक होती. चित्पावन ब्राह्मणाच्या घरातला माणूस त्या काळी ख्रिस्ती झाला म्हणजे जातीने आणि भाऊबंदांनी त्याचे नाव टाकलेच. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. गाडीतल्या त्या गृहस्थाने दिलेली दोन वर्षांची मुदत अजून पुरती संपायची होती.

लोयोलाचे संत इग्नाती यांची इथे आठवण होते. ते १५२१ मध्ये पांपलोनाच्या लढाईत जखमी होऊन बिछान्याला खिळले. पडल्या पडल्या त्यांनी एक गोष्ट टिपली. काही विचार येताना गोड वाटतात आणि गेल्यावर मन कोरडे ठेवून जातात. काही विचार जड वाटतात, पण गेल्यावरही शांती मागे उरते. यातूनच देवाची इच्छा ओळखण्याची त्यांची पद्धत पुढे तयार झाली. मन निराश असताना आधीचा चांगला निश्चय बदलू नये. आपल्यासारख्याच पेचात सापडलेल्या एखाद्या अनोळखी माणसाला आपण काय सल्ला दिला असता ते पाहावे. मरणाच्या दिवशी मागे वळून पाहताना यातले काय निवडलेले बरे वाटेल याचा विचार करावा. अशी अगदी व्यवहारातली ही सूत्रे आहेत. टिळकांनी इग्नाती वाचले होते असे मला म्हणायचे नाही. पण त्यांच्या मनात त्या दिवसांत हीच पारख चालली होती.

मात्र या सगळ्या विचारात एक माणूस नव्हते. लक्ष्मीबाई. नवऱ्याचे मन कुठे वळते आहे याची कुणकुण त्यांना होती, पण निर्णयात त्यांचा वाटा नव्हता. बातमी कानावर आली तेव्हा त्या नातलगांत होत्या, आणि कडेला दत्तू. एका दिवसात त्या ना सधवा राहिल्या ना विधवा. रडून रडून त्यांची अशी दशा झाली की घरच्यांना त्यांच्या जिवाची धास्ती वाटू लागली. पुढची काही वर्षे पंढरपूरसारख्या ठिकाणी नातलगांच्या आश्रयाने गेली. लोकांचे टोमणे होतेच. टिळकांनी जो क्रूस उचलला त्याचा अर्धा भार या बाईच्या खांद्यावर न विचारता पडला, हे आपण मोकळेपणाने म्हटले पाहिजे. देवाची हाक खरी असली तरी ती पाळण्याच्या रीतीत माणूस चुकू शकतो. टिळकांनी पत्नीला आधी विश्वासात घ्यायला हवे होते, असे मला वाटते. घेतले असते तर नातलगांनी त्यांना कोंडून ठेवले असते, असेही कोणी म्हणेल. तेही खोटे नाही.

संत योसेफाचे उदाहरण पाहा. तोही नीतिमान माणूस, आणि मरियेला गुपचूप सोडून देण्याचा निर्णय त्यानेही मनातल्या मनात घेतला होता. तिच्याविषयीचा निर्णय, पण तिला न विचारता. देवाने त्याला झोपेत गाठले आणि निर्णय फिरवला. योसेफाचे मोठेपण असे की उठल्यावर त्याने वाद घातला नाही. टिळकांना देवाने वाट फिरवायला लावली नाही, पण थांबायला मात्र लावले, आणि ते थांबले.

हे थांबणे मला त्यांच्या बाप्तिस्म्याइतकेच महत्त्वाचे वाटते. त्यांनी लक्ष्मीबाईंना पत्रे लिहिली, कविता लिहिल्या, भेटायला गेले. पुढे लक्ष्मीबाई नगरला त्यांच्याकडे राहायला आल्या त्या ख्रिस्ती होऊन नव्हे. त्यांचे सोवळेओवळे, त्यांचा स्वयंपाक, त्यांचे पाणी, सगळे वेगळे. टिळकांनी ते चालू दिले. घरात दोन धर्म नांदू लागले. एरवी क्षुल्लक कारणावरून भडकणारा हा गृहस्थ या बाबतीत सक्ती करीत नव्हता. आपल्याला जसा वेळ मिळाला तसा हिलाही मिळाला पाहिजे, हे त्यांना आता उमगले होते.

लक्ष्मीबाईंचा निर्णयही सहज झाला नाही. वडिलांच्या घरी सोवळ्याचे इतके बंड की मिठासारखी वस्तूही धुऊन घ्यायची, अशा वातावरणात त्या वाढलेल्या. विचार करता करता एके दिवशी त्यांच्या मनाने घेतले की जाती देवाने केलेल्या नाहीत, माणसांनी केल्या आहेत. मग कोणाच्याही हातचे खायला हरकत ती काय? एवढा एक दगड निघाला आणि पाणी वाहू लागले. त्यानंतरही त्या आपल्याच गतीने चालल्या. १९०० मध्ये राहुरीला त्यांनी आणि दत्तूने बाप्तिस्मा घेतला. ते दुष्काळाचे दिवस होते. पुढे किती अनाथ मुले या बाईच्या पंखाखाली वाढली! सोवळ्याची जागा मायेने घेतली. हा निर्णय नवऱ्याच्या मागे फरपटत जाऊन केलेला असता तर तो इतका मुळाशी गेला असता का?

मधली वर्षे मी थोडक्यात सांगतो. टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या कामात नगरला स्थिरावले, धर्मशाळेत शिकवू लागले, १९०४ मध्ये त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली. भजने, कीर्तने, अभंग हे सारे त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणले. त्या काळच्या चर्चमध्ये परदेशी चालींवर भाषांतरित गाणी म्हणायची पद्धत होती. आपल्या कॅथोलिक देवळांत तर मिस्सा लॅटिनमधून होई आणि तिची भाषा बदलायला दुसरी व्हॅटिकन परिषद (१९६२ ते १९६५) यावी लागली. टिळकांनी हे काम त्याच्या अर्धशतक आधी हाती घेतले होते. बालकवी ठोमरे यांच्यासारखा तरुण कवी त्यांच्या घरात मुलासारखा राहिला. मिशनमध्ये मान होता, मित्र होते.

आणि पंचावन्नाव्या वर्षी त्यांना पुन्हा अस्वस्थ वाटू लागले. पगारी मिशन-नोकर म्हणून आपल्या लोकांपुढे उभे राहिले की येशूचे नाव परदेशी वाटते, ही बोच जुनी होती. मिशनरी मित्रांवर राग नव्हता. त्यांचे उपकार ते मानीत. पण आपल्या देशाला ख्रिस्त द्यायचा तर आपल्या देशाच्या संतांच्या रीतीने द्यावा, हातात काही न ठेवता द्यावा, असे मन सांगू लागले. तरुणपणी नोकऱ्या सोडणारे टिळक आणि हे टिळक यांत फरक आहे. ती चंचलता होती. इथे प्रार्थनेतून हळूहळू पिकलेली गोष्ट होती. घरात आता त्यांच्यासारखीच प्रार्थना करणारी, वीस वर्षांहून अधिक काळ त्यांच्यासाठी सोसलेली आणि तरीही स्वतंत्र विचाराची पत्नी होती.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनचे काम सोडले आणि ते साताऱ्याला आले. तेव्हाचा सातारा जिल्हा आजच्याहून मोठा. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके त्यातच होते. १९४९ मध्ये त्यांचा दक्षिण सातारा झाला, आणि पुढे सांगली जिल्हा. म्हणजे सातारकर आणि सांगलीकर अशा आपणा दोघांच्याही पणजोबांच्या जिल्ह्यात टिळक आले असे म्हणायला हरकत नाही. वर अजिंक्यतारा, पलीकडे समर्थांचा सज्जनगड, खाली माहुलीला कृष्णा-वेण्णेचा संगम. छत्रपतींच्या गादीच्या या गावात टिळकांनी जे मांडले त्याचे नाव ठेवले ‘देवाचा दरबार’. दरबारात सिंहासन एकच, ते प्रभूचे. बाकी सारे सेवक. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्तावर प्रीती करणारे सगळे त्यात बसू शकत. जो न घेतलेला आहे त्याला घाई करायची नाही. वाचकहो, हे शेवटचे वाचताना मला लक्ष्मीबाईंची ती वेगळी चूल आठवते. तिथे शिकलेला धडा या दरबारात आलेला दिसतो.

पुष्कळांना हे पटले नाही. बाप्तिस्मा न घेतलेल्यांना आत घेणे म्हणजे ख्रिस्तसभेची भिंतच पाडणे, असा आक्षेप आला. कॅथोलिक म्हणून आपलाही त्यावर प्रश्न असेल. साक्रामेंतांचे स्थान आपल्याला गौण मानता येत नाही. तो वाद इथे सोडवायचा नाही. एवढेच पाहायचे की पगार, घर, मान, वयोमानाने लागणारा आराम, हे सगळे बाजूला ठेवून एक माणूस देवाने दाखवलेल्या वाटेवर साठीच्या उंबरठ्यावर नव्याने चालू लागला.

आणि दरबार भरभराटीला आला का? नाही. जेमतेम दीड-दोन वर्षे मिळाली. प्रकृती ढासळली. त्यांना उपचारासाठी मुंबईला नेले. ९ मे १९१९ रोजी जे. जे. रुग्णालयात त्यांचे देहावसान झाले. वय अवघे सत्तावन्न. ज्याच्या ओढीवर दरबार चालला होता तोच गेल्यावर त्याची घडी टिकली नाही. हिशेब मांडणारा म्हणेल, निर्णय चुकला. देवाने सांगितले असते तर काम बुडाले कसे?

पण आपण तरी हा हिशेब कोणत्या वहीत मांडणार? टिळकांशी स्नेह असलेले जे. सी. विन्स्लो नावाचे अँग्लिकन धर्मगुरू होते. त्यांनी १९२३ मध्ये टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९२२ मध्ये, त्यांनी ख्रिस्त सेवा संघ सुरू केला होता. भारतीय आश्रमाच्या रीतीने राहणारे, एकत्र जेवणारे, एकत्र प्रार्थना करणारे बंधुमंडळ. टिळकांचा ध्यास त्यात उतरला होता. पुण्याच्या शिवाजीनगरातला त्यांचा आश्रम पुढे ओस पडू लागला, तेव्हा १९७० च्या दशकात आपल्या कॅथोलिक भगिनी आणि अँग्लिकन भगिनी यांनी मिळून तिथे ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम उभा केला. साताऱ्यात विझल्यासारखी दिसलेली वात तिथे अशी पुन्हा पेटली. हे बघायला टिळक नव्हते, आणि त्यांनी ते पाहण्याची अटही घातली नव्हती.

दुसरे अपुरे काम घरातच होते. प्रभूचे चरित्र ओव्यांतून सांगणारे महाकाव्य टिळकांनी लिहायला घेतले होते, ‘ख्रिस्तायन’. दहा-साडेदहा अध्याय झाले आणि लेखणी थांबली. त्या कागदांचे काय करायचे हा निर्णय आता लक्ष्मीबाईंकडे आला. लग्न होऊन आली तेव्हा जिला अक्षरओळखही नव्हती, लिहायला-वाचायला जी नवऱ्याजवळ, रडतखडत, भांडत शिकली, जिच्या शुद्धलेखनाची तिलाच शेवटपर्यंत खात्री नसे, ती बाई टिळकांच्या काव्यापुढे लेखणी धरणार? लोक हसले असते तर नवल नव्हते. लक्ष्मीबाईंनी वर्षे जाऊ दिली, आणि मग त्या लिहायला बसल्या. साठाहून अधिक अध्याय त्यांनी लिहिले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या तेव्हा शेवट थोडा राहिला होता. तो मुलाने, त्या कडेवरच्या दत्तूने, देवदत्त टिळकांनी पुरा केला आणि १९३८ मध्ये पुस्तक निघाले.